माळ्यावरून बाबांची पेटी काढली आहे. ५४ व्या वर्षी शिकायला घ्यावी का?

घोडबंदरचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय विचारला तर वेड्यात काढाल.

गेल्या महिन्यात पेस्ट कंट्रोलसाठी माळा रिकामा केला. तिथे गोधडीत गुंडाळलेली बाबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, निघाली. नौपाड्याची चाळ सोडून घोडबंदर रोडला आलो तेव्हा ती टेम्पोतून उतरली आणि थेट माळ्यावर गेली होती. बाबांना जाऊन ९ वर्षं झाली. त्याच्या आधीही बरीच वर्षं बोटांच्या दुखण्यामुळे त्यांनी तिला हात लावला नव्हता. मी एकट्याने ती खाली उतरवली, त्यानंतर दोन दिवस कंबरेने माझ्याशी अबोला धरला.

चाळीत दर शनिवारी आमच्या खोलीत भजन असायचं. बाबा पेटीवर, शेजारचे काका तबल्यावर, बाकीचे टाळ घेऊन. माझ्याकडे खातं चहाचं. कप नेणे, कप आणणे. गाण्याकडे मी गेलो नाही, कारण शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." ते मी इतकं मनावर घेतलं की गणपतीच्या आरतीतसुद्धा आजतागायत ओठच हलवतो.

तर पेटी उघडली. वास जुन्या कपाटाचा आणि थोडा उंदराचा. भाता ओढला की कुठून तरी फुसफुस हवा जाते. दोन पांढऱ्या पट्ट्या दाबल्या त्या वर यायचं नाव घेईनात, त्यामुळे भाता हलवला की त्या दोघी सारख्या कोकलतात. बाकीच्या मात्र बोलल्या. आणि मधल्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर बाबांनी पांढऱ्या ऑइल पेंटचा ठिपका दिलेला आहे, मोहरीएवढा. चाळीच्या खिडकीच्या गजांना लावायचे तोच रंग. हा ठिपका मी लहानपणापासून बघितला असणार, पण तो कशासाठी हे कधी विचारलं नाही.

आता असं वाटतंय की ही वाजवावी. कार्यक्रम वगैरे करायचे नाहीत. पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो, निवृत्तीला ४ वर्षं आहेत. बायको म्हणते, आधी गुडघ्याचं बघा. मुलगा म्हणतो, ॲप आहे की. ऑफिसातले एक जाणकार म्हणाले, पेटी हे अर्धवट वाद्य, तिला आकाशवाणीनेसुद्धा हाकललं होतं, शिकायचं तर गळ्याने शिका. (गळ्याचं वर सांगितलंच.) या वयात बोटं वळतात का? ही दुरुस्त करावी की नवी घ्यावी? आणि आमच्या सोसायटीत शेजारच्यांच्या मिक्सरवरून त्यांची आज चटणी आहे की इडली हे आम्हाला कळतं, तिथे सराव करायचा कसा?

ट्रॅकवाला_ठाणेकर

साहेब, पेटीबिटीच्या भानगडीत कशाला पडता? कराओके करा. आमचा ११ जणांचा ग्रुप आहे, वयं ५१ ते ७४. महिन्यातून एक रविवार छोटा हॉल घेतो, वर्गणी काढतो, प्रत्येकी तीन गाणी, मग बटाटेवडे. मी स्वतः ५६ व्या वर्षी पहिल्यांदा माइक धरला. पहिल्या गाण्याला हात इतका थरथरला की लोकांना वाटलं मी मुद्दाम आवाजाला कंप देतोय, टाळ्या पडल्या. ट्रॅकची पट्टी मोबाइलवर वर-खाली करता येते, म्हणजे उंच सूर लागत नाही हे कारणही उरत नाही. पं. राम मराठे ज्या ठाण्यात राहिले आणि ज्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते, त्याच गावात आम्ही हे उद्योग करतो. ते वरून बघत असतील तर मोठ्या मनाने माफ करतील. या एकदा.

पांढरी_चार

वाटसरू, तुमचा तो मोहरीएवढा ठिपका डोक्यातून जाईना, म्हणून सकाळचा चहा गार होऊ देऊन लिहितेय. लांबेल. सांभाळून घ्या.

मी ६३ वर्षांची, कोपरखैरण्यात राहते. टेलिफोनमध्ये १९८३ साली ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले आणि ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेतली. त्या दिवशी आमच्यासारखे हजारो जण एकदमच घरी बसले. मी घरी येऊन जाहीर केलं, आता पेटी. कारण फार थोर नाही. लहानपणी गिरगावात समोरच्या बिऱ्हाडात पेटी होती आणि ते लोक मला हात लावू देत नसत. फेब्रुवारीत पेटी घेतली, क्लास लावला, तीन आठवडे गेले आणि मार्चमध्ये सगळंच बंद झालं. पुढचं दीड वर्ष शिकले ते मोबाइलवर. आवाज इकडून तिकडे पोहोचायला जो वेळ जातो त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं जमतच नाही. आधी सर गाणार, मी माझा माइक बंद करून मागे वाजवणार. मग मी वाजवणार आणि सर ऐकून चुका सांगणार. म्हणजे दीड वर्षं मी एकाही जिवंत माणसाबरोबर एक सूर वाजवलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी तुमच्या ऑफिसातल्या जाणकारांचं बघू. आकाशवाणीचं खरं आहे. १९४० साली तिथे पेटीवर बंदी आली आणि १९७१ ला ती थोडीफार उठली. तक्रार अशी की हे परदेशी वाद्य. एका पट्टीवरून दुसरीवर मींड घेता, म्हणजे घसरत जाता, येत नाही आणि सूर ठोकून बसवलेले. बारा सूर सारख्या अंतरावर मांडल्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा लागतो. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्याशेजारी पेटीचा ग धरून बघा, दाताखाली खडा आल्यासारखं होतं. सगळं खरं. आणि तरीही पॅरिसमध्ये जन्मलेलं हे पायाने हवा भरायचं वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताने भाता ओढता येईल असं करून जमिनीवर बसवलं, तेव्हापासून ते कीर्तनातून, नाटकातून, भजनातून उठलेलं नाही. बंदीच्या त्या तीस वर्षांत तुमच्या बाबांच्या पिढीने चाळीत पेटी वाजवली, ती आकाशवाणीला विचारून नाही.

गळ्याचं म्हणाल तर मी त्या वाटेनेही जाऊन आले. तरुणपणी माझा आवाज काळी चारचा, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा. पन्नाशीनंतर वरचा षड्ज फाटायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाल्या, पाळी गेल्यावर बायकांच्या स्वरतंतूंत फरक पडतो, आवाज खाली येतो, तुम्ही भांडू नका. म्हातारपणी पुरुषांचा उलट थोडा वर जातो म्हणे. मी महिनाभर रुसले आणि मग पांढरी चारवर येऊन बसले. माझं इथलं नाव त्यावरूनच.

आता बोटं. वळतात, पण कुरकुर करत. माझी उजवी अनामिका करंगळीला सोडून एकटी उठायलाच तयार नव्हती. लग्नानंतर सासर-माहेर एक केलेल्या बाईसारखी. आठ महिने लागले. रोज वीस मिनिटं, सकाळी भाजीवाला यायच्या आधी. त्याहून जास्त केलं की मनगट धरतं, म्हणून तासन् तास बसू नका. खरी अडचण मात्र बोटांची नसतेच. आठ वर्षांचं पोर पेटीवर बसतं तेव्हा त्याचा कानही आठ वर्षांचाच असतो. दोघं बरोबरीने वाढतात, चुकलं तरी त्याला पत्ता नसतो. आपला कान ५४ वर्षांचा. त्याने रेडिओ ऐकलाय, शनिवारची भजनं ऐकलीत, कप गोळा करता करता अख्खा अभंग पाठ झालाय. आणि बोटं मात्र काल जन्मलेली. त्यामुळे आपल्याला आपली प्रत्येक चूक ऐकू येते. पहिल्या सहा महिन्यांत लोक सोडतात ते यामुळेच, आणि म्हणतात "वय झालं". अहो, वय बोटांचं नाही, कानाचं झालेलं असतं, आणि तो तर तुमच्या बाजूचा आहे! मला सर एखादी ओळ एकदाच म्हणून दाखवायचे आणि ती मला आधीपासून येत असायची. फक्त बोटांपर्यंत पोहोचायची नाही. ती ज्या दिवशी पहिल्यांदा पोहोचली (एक साधा मुखडा, चार आवर्तनं) त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा लगदा.

तुमची पेटी दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. त्या अडकलेल्या दोन पट्ट्या नखाने हलकेच वर उचला आणि बाजूच्या फटीत जाड कागदाची घडी सारून ठेवा, गप्प बसतील. आता पांढऱ्यांकडे बघायचंच नाही. पाच काळ्या पट्ट्या आहेत ना? काळी तीनला सा धरून ओळीने त्या पाच वाजवा, वरच्या काळी तीनपर्यंत. काय ऐकू येतंय? भूप. आता त्याच पाच, पण सुरुवात काळी एकपासून, म्हणजे तुमच्या बाबांच्या ठिपक्यापासून. हा दुर्गा. काळी पाचला सा धरा, मालकंस. काळी दोनपासून धानी आणि काळी चारपासून मधमाद सारंग. पट्ट्या त्याच, फक्त सा कुठे मानता एवढाच फरक. (नुसते स्वर हं, राग नव्हेत, नाहीतर इथले पंडित माझ्या अंगावर येतील.) मला हे तिसऱ्या वर्षी कळलं आणि आधी कुणी सांगितलं नाही म्हणून मी सरांवर रागावले होते. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही पांढऱ्यांना हात लावला असता का?"

आणि तो ठिपका म्हणजे तुमच्या बाबांचा सा. काळी एक ही पुष्कळ पुरुषांची पट्टी. भजनात दिवे गेले, चष्मा नसला, तरी बोट बरोबर पडावं म्हणून करतात तसं. दुरुस्तीवाल्याला बजावून ठेवा, पॉलिश करताना तो पुसू नको म्हणावं.

परीक्षा द्यायची असेल तर गांधर्व मंडळाच्या आहेत. प्रारंभिकपासून सुरुवात, पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याच परंपरेतलं हे मंडळ आज आमच्या वाशीत आहे. गिरगावहून खाडी ओलांडून आलेल्या मला ते उगाच जवळचं वाटतं. प्रारंभिकला मी ६० वर्षांची आणि रांगेत माझ्या पुढे दुसरीतली मुलगी. ती आत जाऊन आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, ते अलंकार दुपटीत विचारतायत, तयार राहा." (म्हणजे स्वरांचे पलटे, दुप्पट वेगात.) पेपर फुटला म्हणायचा! मला घाम फुटला होता, तिने स्वतःचा रुमाल दिला. वर मिकी माऊस.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात गुरुवारी ५ ते ७ आम्ही सहा जण जमतो. मी पेटीवर, तबल्याला बसवरून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, एक व्हायोलिनवाले (फक्त उन्हाळ्यात चांगलं वाजतं त्यांचं, कारण तेव्हा ते मुलीकडे नाशिकला असतात), दोघी गाणाऱ्या, आणि एक काका. वय ७१. गातात मनापासून, पण सूर धरून ठेवत नाहीत. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो, वीज गेलेली, मोबाइलवर तंबोरा लावलेला आणि त्याची बॅटरी सहा टक्के. काकांनी अभंग धरला काळी दोनला. स्थायी झाली, अंतऱ्याला वर गेले आणि मोबाइल मेला. तंबोरा बंद. काका खाली उतरले ते सरळ पांढरी दोनवर. अर्धा सूर खाली! माझ्या पेटीला स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) नाही. असता तरी गाणं चालू असताना कोण उचलून बसवणार? आणि काय झालं कोण जाणे, माझा हात त्यांच्याबरोबर खाली आला. सगळी बोटं बदलली, ज्या काळ्या होत्या त्या पांढऱ्या झाल्या, आणि मी विचार करायच्या आत मुखड्यावर पोहोचलेली होते. काकांना पत्ताही नाही. गाणाऱ्या दोघींना नाही. फक्त तबलेवाल्यांनी, त्यांचा तबला आता बेसूर झालेला असूनही, ठेका न सोडता माझ्याकडे बघितलं आणि भुवई उडवली.

दीड वर्षं भिंतीकडे तोंड करून वाजवलं होतं ना, त्याची सगळी भरपाई त्या एका भुवईत झाली. नोकरीत ३७ वर्षांत मला दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली. ती कुठल्या कपाटात आहेत ते आठवत नाही.

सरावाचं: संध्याकाळी सहाला वाजवा, सगळ्यांचे टीव्ही आणि कुकर चालू असतात. पेटी लादीवर ठेवू नका, खाली दुमडलेली गोधडी घ्या आणि पुढच्या खुंट्यांपैकी (स्टॉपर) एकच उघडा, म्हणजे खालच्या मजल्यावर कमी जातो. आमच्या खालच्यांनी दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा आले ते "ते कालचं अर्धवट का सोडलंत" विचारायला.

भाता_आणि_सूर

मी छंद म्हणून जुन्या पेट्या दुरुस्त करतो. नवी घेऊ नका, आधी जुनी तपासा. सगळे स्टॉपर बंद करून भाता पूर्ण भरा आणि सोडा. लगेच बसला तर चामडं किंवा कापडी पट्ट्या गेल्यात. हे काम सोपं आहे. हळूहळू बसला तर पेटी अजून तरुण आहे. पट्ट्या अडकतात त्या बहुतेक वेळा धुळीने, दमट हवेने लाकूड फुगल्याने किंवा खालची स्प्रिंग निसटल्याने. ताईंची कागदाची घडी चार दिवस ठीक, पण महिनाभर ठेवाल तर शेजारची पट्टी वाकडी होईल. तेल तर थेंबभरसुद्धा घालू नका. लोक शिलाई मशीनचं तेल सोडतात आणि मग माझ्याकडे येतात.

महत्त्वाचं म्हणजे, सूर सरसकट बदलून घेऊ नका. आत पितळी जिभा असतात, त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. त्यांचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. दर वेळी धातू जातो तो परत येत नाही, म्हणून जुळवणी जाणत्या हाताकडूनच करा. जुन्या पेट्यांत कधी कधी जर्मन सूर निघतात. "काका, हे गेलंय, नवीन पालिताण्याचे टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर पालिताण्याचे सूर वाईट असतात असं नाही, पण तुमचे जुने काढलेले परत मागून घ्या. आणि दुरुस्तीला देण्याआधी आतला फोटो काढून ठेवा. इतकंच म्हणतो.

ऐरोलीचा_डग्गा

वाटसरू दादा, ताईंनी मस्त लिहिलंय, पण मी थोडं उलट सांगणार. क्लास नको, परीक्षा नको. आधी टाळ घ्या.

मी रबाळे एमआयडीसीत मशीनवर होतो. आमच्या गावच्या भजनी मंडळात ४६ व्या वर्षी गेलो. जुन्या बुवांनी पहिलं वर्षभर तबल्याला हात लावू दिला नाही. नुसता टाळ. मला राग यायचा, आपण काय पोर आहोत का. पण टाळ धरला की आठ मात्रा अंगात उतरतात, बोलावं लागत नाही. चुकला तर शेजारचा कोपराने ढोसतो, बास. पुढे तबला घेतला तेव्हा बोलांचा सगळा रियाज कंपनीच्या बसमध्ये, मांडीवर, डब्याच्या पिशवीवर. शेजारी बसणारा पाटकन जागा बदलून गेला एकदा.

ताई, पावसात तुमच्या तबलेवाल्यांचा सूर उतरतो ना? पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते. आम्ही बसायच्या आधी हॅलोजनसमोर धरतो, लांबून, नाहीतर मधल्या काळ्या शाईला तडे जातात. डग्गा दमट झाला की घुमतच नाही, गादीवर मारल्यासारखा वाजतो.

दादा, एकादशीला रात्री आमच्याकडे भजन असतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर धरली की पहिल्या काही स्टेशनांतच ऐरोली. तुम्ही गायला नाही तरी चालेल. तीस टाळ चालू असतात तेव्हा ओठ हलवतोय की गातोय, देवालाही कळत नाही.

ट्रॅकवाला_ठाणेकर

सगळे मिळून मला वाळीत टाकतायत असं दिसतंय. ताई, कराओकेला पण एखादं प्रशस्तिपत्रक द्या की.

पांढरी_चार

अहो, रागवू नका. माझी धाकटी बहीण तुमच्यासारखीच ग्रुपमध्ये गाते आणि तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. तुमचा थरथरता हात मला फार आवडला. फक्त एकच: ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्हाला शब्द आठवेना, श्वास कमी पडला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो आपला पुढे. आमचे ड्रायव्हर थांबतात. मी एकदा मधेच सगळं विसरले तर त्यांनी रिकामी आठ आवर्तनं नुसता ठेका धरला, जणू तसंच ठरलं होतं. स्टॉपवर धावत येणारी बाई आरशात दिसली की ते बस रोखायचे, तशी सवय असेल.

तुमच्या ११ जणांत कुणाला ढोलकी येते का ते विचारा. एखादा रविवार ट्रॅक न लावता करून बघा. वाईट होईल. बटाटेवडे आहेतच.

आणि डग्गा दादा, एकादशीला आम्ही सहाही जण आलो तर चालेल का? काकांना सुराचं आधी सांगून ठेवते.

ऐरोलीचा_डग्गा

या या. काकांना पहिल्या रांगेत बसवू. आमच्या बुवांचा सूर पण रात्री बाराला कुठे जातो ते सांगत नाही मी.

घोडबंदरचा_वाटसरू

सगळ्यांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, कारण मधल्या काळात बोलण्यासारखं काही घडत नव्हतं आणि मग परवा घडलं.

भात्याची चाचणी केली. हळूहळू बसला! "अजून तरुण आहे" हे वाक्य मी घरात सगळ्यांना ऐकवलं, बायकोने फक्त माझ्या गुडघ्याकडे बघितलं. एका पट्टीची स्प्रिंग निसटली होती आणि दुसरीच्या खाली उंदराने नेऊन ठेवलेला शेंगदाणा निघाला. दुरुस्तीवाल्या गृहस्थांना ठिपक्याचं सांगितलं तर म्हणाले, "पुसायचा कशाला, माझ्या वडिलांच्या पेटीवर पण आहे." आतल्या जिभा जुन्याच ठेवल्या, फोटोही काढून ठेवलाय.

पेटी दुरुस्तीला देण्याआधीचे दहा दिवस मी फक्त पाच काळ्या वाजवल्या. ताई, मालकंस ऐकून मला खरोखर दचकायला झालं. तीच पट्टी, तेच बोट, आणि घरातला उजेड कमी झाल्यासारखं. पण रमलो ते दुर्गातच, ठिपक्यापासून सुरू होतो म्हणून. सा रे म प ध सा. वर जाताना ठीक. खाली येताना ध प म झाल्यावर रे यायला हवा, तिथे माझं बोट दर वेळी अडखळतं. म वरच घुटमळतं, मग धप्पकन पडतं. रोज सहाला वीस मिनिटं. शेजारच्यांनी अजून काही म्हटलेलं नाही, मिक्सर मात्र मुद्दाम त्याच वेळी लावतात असा मला संशय आहे.

आमची आई ८१ ची आहे. माझ्याकडेच असते. पेटी खाली आल्यापासून ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मीही विचारलं नाही. परवा ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती आणि मी आत नेहमीच्या जागी अडखळलो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा अडखळलो तेव्हा तिने न वळता म्हटलं, "त्यांचंही तिथेच अडायचं."

मी विचारलं, "मग ते काय करायचे?"

"काय करणार? मोठ्याने गायचे तेवढा भाग. पेटी ऐकूच यायची नाही." आणि मेथीच्या काड्या वेगळ्या करत बसली.

काल मी गाऊन बघितलं. दार लावून. ध प म रे सा, एवढंच, हळू आवाजात. कसं झालं ते सांगत नाही.

डग्गा दादा, एकादशीला मी येतो. आईही येते म्हणतेय, तिला जिना चढावा लागेल का? आणि टाळ कुठून घेऊ? तलावपाळीजवळच्या दुकानात बघितले, पण हलके आणि जड असे दोन प्रकार होते. आमच्या चाळीतले जड होते एवढं आठवतं, कारण चहाच्या ट्रेमधून एकदा ते माझ्या पायावर पडले होते.

ऐरोलीचा_डग्गा

जिना नाही, देऊळ तळमजल्यालाच आहे. टाळ घेऊ नका, आमच्याकडे जादा आहेत. जडच देतो.